चारही कोपरे कातरलेला शब्द

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की आधी आपला थाट सांगतात. माझ्याशिवाय घरातले पान हलत नसे, असे तरी म्हणतातच. मला तसे काही सांगता येणार नाही. मी एक पत्र्याचा जुना डबा आहे, माझ्या पोटात कठीण इंग्रजी शब्दांची सातशे अठरा कार्डे आहेत आणि मला माझी लाज वाटते. का वाटते, ते सांगायलाच आज तोंड उघडले आहे. एरवी माझे झाकण जरा घट्टच बसते.

जन्माने मी बिस्किटांचा डबा. कारखान्यातल्या एका यंत्राने मला वाकवले आणि दुसऱ्याने माझ्या अंगावर निळा रंग देऊन एक बदक छापले. घरी आल्यावर बिस्किटे संपायला आठवडासुद्धा लागला नाही. मग आत्याने माझ्यात सुया, हुक आणि बटणे भरली. आत्या म्हणजे घरातल्या कर्त्या पुरुषाची थोरली बहीण. कुणाच्या शर्टाचे बटण तुटले की माझी आठवण निघे, आत्या मला हलवून हलवून जोडीचे बटण शोधी आणि पाच मिनिटांत ते लागलेले असे. तो काळ मला आता फार चांगला वाटतो. मी जे काम करत होतो ते होताना दिसत होते.

घरात माणसे तीन. आत्या, तिचा भाऊ आणि त्याची मुलगी. मुलीची आई ती लहान असतानाच गेली होती. मुलगी लहानपणापासून सतत बडबडायची, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. आत्याचा भाऊ म्हणजे आमचे बाबा, पुस्तके बांधणारे बाइंडर. छापखान्याच्या मागच्या खोलीत ते छापील कागदांच्या घड्या आकड्यांप्रमाणे एकावर एक लावायचे, दाभणाने भोके पाडून शिवायचे, खळ लावून पुठ्ठा चढवायचे आणि शेवटी कटिंग मशीनखाली कडा सरळ करायचे. स्वतः चौथीपर्यंतच शिकलेले. वाचता येई, पण अक्षराखाली बोट ठेवून.

"जन्मभर पुस्तकं शिवलीस आणि एकही वाचलं नाहीस," असे आत्या त्यांना चिडवायची.

"शिंपी काय प्रत्येकाचा कोट घालून बघतो का?" बाबा म्हणायचे.

हसण्यावारी नेत, पण त्यांना ते लागत असे. छापखान्यात कुणी शिकलेला माणूस आला की बाबा त्याच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत. कळले तरी डोलवत आणि नाही कळले तर जास्तच डोलवत.

चिमणीला मोठ्या हॉस्पिटलात नोकरी हवी होती. तिथे मदतीचे एक टेबल होते. डॉक्टर कागदावर इंग्रजीत लिहून देत आणि टेबलावरची बाई रोग्याला ते मराठीत समजावून सांगे. त्या जागेसाठी परीक्षा होती आणि परीक्षेत कठीण इंग्रजी शब्दांचा एक पेपर होता. चिमणी एकदा त्या पेपरात नापास झाली होती. दुसऱ्यांदा बसायची परवानगी होती, तिसऱ्यांदा नव्हती.

मग बाबांनी मनावर घेतले. त्यांनी छापखान्यातून जाड कागदाच्या उरलेल्या पट्ट्या आणल्या आणि पत्त्यांएवढी कार्डे कापली, केसाचाही फरक नाही. चिमणीने वाचनालयातून एक जाडजूड शब्दकोश आणला. कार्डाच्या एका बाजूला इंग्रजी शब्द आणि दुसऱ्या बाजूला कोशातला मराठी अर्थ, असे तिने सुबक अक्षरात उतरवून काढले. आत्याची बटणे कापडी पिशवीत गेली आणि माझ्यात कार्डे आली. मला तर स्वर्ग दोन बोटे उरला. कालपर्यंत बटणे सांभाळणारा मी, आता माझ्या पोटात 'इनएव्हिटेबल' आणि 'ॲम्बिग्युअस' नांदू लागले.

रोज संध्याकाळी जेवणाआधी बापलेक समोरासमोर बसत. बाबा एक कार्ड काढून असे धरत की इंग्रजी बाजू चिमणीला दिसावी आणि मराठी बाजू त्यांना. चिमणी शब्द वाचून अर्थ सांगे. बाबा मराठी अक्षरांखाली बोट फिरवत आणि अक्षरन्‌अक्षर जुळले की कात्रीने कार्डाचा एक कोपरा नखाएवढा कातरत. पुन्हा कधी तेच कार्ड आले आणि तिने बरोबर सांगितले की दुसरा कोपरा. चारही कोपरे गेले की शब्द पक्का. ही पद्धत बाबांचीच. बांधून झालेल्या पुस्तकाला ते खूण करत, तशी ही शब्दाला खूण. कातरलेले कोपरे ते एका वाटीत साठवत आणि वाटी भरत चालली की त्यांचा चेहरा खुले.

एके दिवशी आत्या पोळपाट पुसत जवळच बसली होती. चिमणीने 'ॲम्बिग्युअस' वाचले आणि खणखणीत आवाजात सांगितले, "संदिग्ध."

"संदिग्ध म्हणजे काय गं?" आत्याने विचारले.

"अगं आत्या, अर्थच तर सांगितला. आता अर्थाचा अर्थ काय सांगू?"

बाबा मोठ्याने हसले. मीही हसलो. डबा कसा हसतो ते तुम्हाला ठाऊक असेल, आतले सगळे खडखडते. आत्या म्हणाली, "बरं बाई, मी आपलं गॅसवरचं बघते." ती उठून गेली आणि त्यानंतर तिने कधी काही विचारले नाही. तेव्हा मला वाटले, बरे झाले, अडाणी माणसाने मध्ये मध्ये बोलू नये. मित्रांनो, हे वाक्य तुम्हाला सांगताना माझा पत्रा गरम होतो आहे.

दुसरा प्रसंग त्याहून लहान आहे, पण तोच मला जास्त छळतो. 'अब्रप्ट' शब्दाचे कार्ड निघाले होते. चिमणीला कोशातला अर्थ आठवेना. ती डोके खाजवत म्हणाली, "म्हणजे बघा बाबा, एकदम. ध्यानीमनी नसताना. चालता चालता मध्येच थांबावं तसं."

बाबांनी कार्डावर बोट फिरवले. "तसं नाही लिहिलेलं."

"पण तेच आहे ना!"

"आ-क-स्मि-क असं लिहिलंय. परीक्षेत तुझं 'चालता चालता' चालेल का?"

कोपरा कातरला नाही. चिमणी हिरमुसली आणि तिने 'आकस्मिक, आकस्मिक' असे वीस वेळा घोकले. पुढच्या आठवड्यात तिने ते बरोबर सांगितले. त्यानंतर तिने साध्या शब्दांत अर्थ सांगायचा प्रयत्न कधी केला नाही, कारण साध्या शब्दाला कोपरा मिळत नाही हे तिला समजले होते. आणि मी काय केले? मी बाबांच्या बाजूने होतो. माझ्या पोटात जे लिहिले आहे तेच खरे, असा माझा तोरा होता.

चिमणी पास झाली. पेपरात तिला इतके गुण मिळाले की निकाल लावणाऱ्या साहेबांनी तिला बोलावून विचारले, "कोणत्या क्लासला जात होतीस?" ती म्हणाली, "बाबांच्या." त्या दिवशी बाबांनी छापखान्यात सगळ्यांना चहा पाजला आणि वाटीतले कातरलेले कोपरे माझ्या तळाशी ओतले. ते अजून तिथे आहेत.

नोकरी लागल्यावर ती मलाही बरोबर नेऊ लागली. टेबलावर डाव्या हाताला माझी जागा. समोर दिवसभर माणसे. कुणाच्या हातात एक्स-रे, कुणाच्या कडेवर मूल, कुणी काठी टेकत आलेले. चिमणी त्यांचा कागद घेई आणि एका दमात सांगे, "तेलकट पदार्थ वर्ज्य. लक्षणे तीव्र झाल्यास पुनर्तपासणी अनिवार्य. कळलं?" समोरचा माणूस मान डोलवी. ती म्हणे, "पुढचे या." तिच्या टेबलासमोर रांग म्हणून उरत नसे. हॉस्पिटलच्या मोठ्या बाईसाहेब फेरीवर येत तेव्हा बाकीच्या कर्मचाऱ्यांना म्हणत, "हिच्याकडून शिका जरा." मी टेबलावर बसून फुगत असे. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण मी ऐकली होती, पण ती आपल्यासाठी आहे असे कुणाला वाटते?

अशी दोन वर्षे गेली. एकदा बाबांना चक्कर येऊ लागली म्हणून ते त्याच हॉस्पिटलात आले. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब तपासला, गोळ्या लिहून दिल्या आणि कागद घेऊन बाबा आमच्या टेबलासमोर रांगेत उभे राहिले. चिमणी उठून बाहेर येत होती, पण त्यांनी हातानेच तिला बस म्हटले. सगळ्यांसारखे रांगेतून यायचे होते त्यांना. कदाचित आपली मुलगी इतरांना कशी सांगते तेही बघायचे असेल. धुतलेला शर्ट घालून आले होते आणि पुढच्या माणसाला हळूच म्हणालेही, "ती माझी मुलगी."

त्यांची पाळी आली. चिमणीने कागद वाचला. गोळी कधी घ्यायची ते सांगितले आणि शेवटच्या ओळीवर आली. ही गोळी अब्रप्टली डिसकंटिन्यू करायची नाही, अशी ती ओळ होती. दोन्ही शब्द माझ्या पोटात होते. दोन्हींचे चारही कोपरे कातरलेले.

"आणि बाबा, औषध आकस्मिक खंडित करू नये. कळलं ना?"

बाबांनी मान डोलवली. नेहमीपेक्षा जरा जास्तच डोलवली. मागच्या माणसाकडे अभिमानाने एकदा बघितले आणि ते निघून गेले. चिमणी म्हणाली, "पुढचे या."

तीन आठवड्यांनी बाबांना बरे वाटू लागले. चक्कर थांबली होती, मग गोळी कशाला घ्यायची, असा त्यांनी साधा विचार केला आणि एका सकाळी गोळ्यांची पाकिटे कपाटात टाकून दिली. चौथ्या दिवशी कटिंग मशीनजवळ उभे असताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. नशीब एवढेच की ते मशीनवर न पडता बाजूला पडले. पण उजवा हात अंगाखाली सापडला आणि मनगट दोन ठिकाणी मोडले.

चिमणीला निरोप आला तेव्हा ती टेबलावर होती. तिने मला पिशवीत कोंबले आणि वॉर्डाकडे धावली. पिशवीची चेन उघडीच राहिली होती, त्यामुळे पुढचे सगळे मला ऐकावे लागले.

डॉक्टरीणबाई विचारत होत्या, "काका, गोळ्या एकदम बंद केल्यात का?"

"हो. बरं वाटत होतं."

"अहो, या गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात. हळूहळू कमी करायच्या, त्याही मला विचारून. तुम्हाला सांगितलं नाही का कुणी?"

एकदम.

"सांगितलं होतं," बाबा घाईघाईने म्हणाले. "पोरीनं नीट सांगितलं होतं. माझंच लक्ष नव्हतं."

आत्या पायथ्याशी उभी होती. दोन वर्षांहून अधिक काळ गप्प बसलेली ती बाई आता बोलली. "लक्ष नव्हतं की कळलं नव्हतं? खरं सांग."

बाबांनी प्लॅस्टरकडे बघितले.

"नव्हतं कळलं," ते म्हणाले. "मला वाटलं, तिला माहीत आहे ना, मग झालं. मागे रांग होती. सगळ्यांसमोर मी विचारलं असतं तर लोक म्हणाले असते, बघा, हिचा बाप अडाणी."

चिमणी खाली बसली आणि हमसून हमसून रडू लागली. मला त्या पिशवीत तोंड लपवायला जागा नव्हती. मी तसाच उघडा पडून होतो, वरचे बदक सगळ्यांना दिसत होते.

पंधरा दिवसांनी बाबा घरी आले. संध्याकाळी चिमणीने मला त्यांच्यापुढे ठेवले, झाकण उघडले आणि एकेक पक्के कार्ड काढून मराठी बाजू त्यांना दाखवू लागली. "बाबा, अपरिहार्य म्हणजे काय?" त्यांनी मान हलवली. "संदिग्ध?" नाही. "अनुत्सुक?" नाही. विसाव्या कार्डाला ते म्हणाले, "पोरी, मी फक्त अक्षरं जुळवत होतो गं. घड्यांवरचे आकडे जुळवतो तसंच. आत काय छापलंय ते मला कधीच कळलं नाही."

"मग मला विचारलं का नाहीत कधी?"

"आत्यानं विचारलं होतं तेव्हा आपण हसलो होतो ना."

खरे सांगतो मित्रांनो, शेकडो कार्डांच्या वजनाखाली मी कधी वाकलो नव्हतो, त्या वाक्याखाली वाकलो. चिमणीने हातातले कार्ड खाली ठेवले. ती हलकेच म्हणाली, "बाबा, माझं पण तसंच आहे. अनुत्सुक म्हणजे काय, असं कुणी मला खोदून विचारलं तर मला तरी कुठे सांगता येतंय?" आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि तो आड म्हणजे मी होतो.

आत्या आतून आली आणि फतकल मारून बसली. "द्या इकडे. हे कुठलं?"

"रिलक्टंट. अनुत्सुक. म्हणजे..." चिमणी अडखळली. "म्हणजे करायचं तर आहे, पण मनापासून नाही. पाय मागे ओढतात तसं."

"म्हणजे हा डॉक्टरकडे जाताना करतो ते?" आत्याने भावाकडे बोट दाखवले.

"हो, अगदी तेच!"

"मग कळलं," आत्या म्हणाली. "लिही ते खाली."

तेव्हापासून प्रत्येक कार्डावर मराठी अर्थाखाली एक नवी ओळ आली. आत्याला कळेपर्यंत ती ओळ लिहायची नाही, असा नियम ठरला. रोज तीन-चारच शब्द होत. बाबांचे मनगट जुळले, पण अंगठ्यात पूर्वीचा जोर आला नाही. दाभण आता धरता येत नाही, म्हणून छापखान्यात ते घड्या लावण्याचेच काम करतात. नवी कार्डे ते डाव्या हाताने कापतात. ती वाकडीतिकडी होतात आणि माझ्यात नीट बसत नाहीत. पूर्वी मला असली कार्डे खपली नसती.

'अब्रप्ट'चे कार्ड चिमणीने माझ्या झाकणाला आतून चिकटवले आहे. त्याचे चारही कोपरे कातरलेले आहेत आणि कातरलेला कोपरा काही परत लागत नाही. त्याखाली तिने लिहिले आहे, "एकदम. चालता चालता मध्येच थांबावं तसं." हे तिला तीन वर्षांपूर्वीच येत होते.

टेबलावरही आता पूर्वीसारखे चालत नाही. चिमणी कागद समजावते आणि म्हणते, "आता तुम्ही काय करणार ते मला सांगा." रांग लांबते. बाईसाहेब आता तिचे कौतुक करत नाहीत, घड्याळ दाखवतात. ती "हो मॅडम" म्हणते आणि समोरच्याला पुन्हा पहिल्यापासून सांगते.

परवा बाबा तपासणीसाठी आले होते. रांगेत उभे राहिले. मागे सात-आठ माणसे. डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलली होती. चिमणी थकलेली होती आणि जुनी सवय जिभेवर येते तशी आली. ती म्हणाली, "ही गोळी अनशेपोटी निषिद्ध आहे."

बाबांची मान डोलायला लागली होती. मी ती बघत होतो. मग ती अर्ध्यावर थांबली. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले, एक सरळ आणि एक किंचित वाकडा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "म्हणजे काय?"

चिमणीने त्यांच्याकडे पाहिले. "म्हणजे काही खाल्ल्याशिवाय ही घ्यायची नाही, बाबा. आधी दोन घास खायचे, मग गोळी."

"मग असं सांग की."

तेवढ्यात मागे उभी असलेली काठीवाली आजी पुढे सरकली. "बाळा, मलाही मागच्या खेपेला तू हाच शब्द सांगितला होतास," ती म्हणाली. "मी आपली मान हलवून गेले होते. वर्ष झालं. उपाशीपोटीच घेते मी रोज."

चिमणीने तिला खुर्ची दिली आणि तिचा कागद उघडला. मी मात्र त्या आजीकडे बघूच शकलो नाही. बाबा घरचे म्हणून त्यांचे कळले. पण दोन वर्षे रोज शंभर माणसे या टेबलासमोर मान डोलवून गेली आणि त्यांच्यातल्या कुणाला खरेच कळले होते, ते मला माहीत नाही. त्यांची नावेही माझ्यात नाहीत. माझ्यात फक्त शब्द आहेत.

मित्रांनो, कठीण शब्द जरूर शिका, पण ते दुसऱ्याच्या गळी उतरेपर्यंत स्वतःला आले असे समजू नका, आणि कुणी "म्हणजे काय" विचारले तर माझ्यासारखे खडखडू नका. आणखी एक विनंती आहे. तुमच्या ओळखीत कुणी असा असेल, की जो आमच्या टेबलावरून नुसती मान डोलवून गेला होता, तर त्याला सांगा की टेबल तिथेच आहे. डाव्या हाताला निळा, बदकाचा डबा आहे. आपला कागद घेऊन पुन्हा या म्हणावे, आणि न लाजता विचारा. लाजायचे काम माझ्याकडे आहे.